आधी वरवंटा

निशांतचं बाळ पाळण्यातून पहिल्यांदा पडलं तेव्हा ते जन्मालाही आलं नव्हतं. ते पडलं लॅपटॉपच्या पडद्यावर, एका शनिवारी सकाळी, खारघरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये. श्रुतीला आठवा महिना होता आणि ती सोफ्यावर पाय वर घेऊन, शेंगदाणे खात नवऱ्याचं काम बघत होती. पडद्यावर एक निळा पाळणा होता, पाळण्यात एक पिवळा चौकोनी ठोकळा होता आणि त्या ठोकळ्याला निशांतने कौतुकाने ‘बाळ’ असं नाव दिलं होतं. त्याने बटण दाबलं. ठोकळा पाळण्याच्या तळातून आरपार गेला, खाली खाली जात राहिला आणि पडद्याच्या कडेला दिसेनासा झाला.

“बाळ कुठे गेलं?” श्रुतीने विचारलं.

“खाली.”

“खाली म्हणजे कुठे?”

“जातच राहणार ते. ग्रॅव्हिटी चालू केलीय ना,” निशांत पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. “तळ आला की थांबायचं, हे त्याला सांगायचं राहिलं.”

श्रुतीने शेंगदाण्यांची वाटी बाजूला ठेवली आणि पोटावर हात ठेवला.

निशांत तळोज्याच्या एका कंपनीत मशीनं डिझाइन करायचा. शाम्पूच्या पुड्या भरणारी मशीनं. आधी प्रत्येक भाग कॉम्प्युटरवर काढायचा, मग सगळे भाग जोडायचे, कोण कशाभोवती फिरतो आणि कोण जागेवर ठाम राहतो ते सांगायचं, आणि एक तुकडाही लोखंड कापण्याआधी अख्खं मशीन पडद्यावर चालवून बघायचं. कुणी कुणावर आपटणार असेल तर ते तिथेच आपटतं आणि कंपनीचं लोखंड वाचतं. अकरा वर्षांत त्याने तीसेक मशीनं अशी चालवली होती आणि या कामात तो खरोखरच हुशार होता. पण मशीन ट्रकवर चढलं की गेलं. त्यातून निघालेली पुडी कोण दातांनी फाडतं, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. ज्याचं तोंड रोज दिसणार असं गिऱ्हाईक त्याला आता पहिल्यांदा मिळणार होतं. म्हणून आपलं बाळ पहिल्यांदा झोपेल ते आपण केलेल्या पाळण्यात, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

आता, बाळाने तळावर टेकायचं म्हणजे काय कशावर कुठे टेकतं याचा सगळा हिशेब लॅपटॉपला करावा लागतो. तसं सांगितल्यावर लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला आणि एका मिनिटाची हालचाल दाखवायला त्याने पाऊण तास घेतला. निशांत कंटाळला. त्याने ठोकळा पाळण्याला कायमचा जोडून टाकला. मग बटण दाबलं तर बाळ जागेवर राहिलं, पण आता पाळणा, स्टँड आणि बाळ असं सगळं बिऱ्हाडच खाली निघालं, कारण जमीन काढलेलीच नव्हती. निशांतने स्टँडच्या बुडावर क्लिक करून तेही जागच्या जागी ठाम करून टाकलं. त्यानंतर मात्र पाळणा असा काही झुलला की बघत राहावं. त्याने तो पडद्यावर सलग आठ तास झुलवला. कुठेही काही आपटलं नाही. त्याचा व्हिडिओ त्याने सगळ्यांना दाखवला, सोनोग्राफीच्या रांगेत शेजारी बसलेल्या बाईंनासुद्धा.

पाळण्यात त्याने काय काय घातलं होतं ते सांगायला हवं, कारण पुढे ते सगळंच कामाला आलं. मोटरला तीन वेग होते. एक छोटा माइक होता. बाळ रडलं की वेग वाढायचा, गप्प झालं की कमी व्हायचा. लाइट गेली तर बाळ उठायला नको म्हणून बॅटरी होती. आणि पुढेमागे बाळाचा हात लागू नये म्हणून बंद करायचं बटण स्टँडच्या बुडाशी, खालच्या अंगाला होतं. प्रत्येक गोष्टीत त्याने बाळाचा विचार केला होता. बाकीच्या लोकांचा करायचा राहिला होता.

बाकीच्या लोकांत मुख्य म्हणजे त्याचे सासरे हौसेराव. हौसेराव मूळचे साताऱ्याकडचे, चौतीस वर्षं वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी कामगार होते आणि आता निवृत्त होऊन कोपरखैरण्यात, बोनकोडे गावाच्या जवळ, तळमजल्यावरच्या घरात राहत होते. पाठीवरून इतकी पोती गेली होती की वस्तू हातात आली की वजन त्यांच्या तोंडातून आपोआप बाहेर पडायचं. मुलगी झाली तेव्हा नर्सने बाळ त्यांच्या हातात दिलं आणि ते म्हणाले, “तीन किलो दोनशे.” नर्सने कागद बघितला. तीन किलो दोनशेच होतं.

या माणसाने जावयाच्या हातच्या कुठल्याही वस्तूला आजवर चांगलं म्हटलं नव्हतं. वाईटही म्हटलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला निशांतने त्यांना स्वतः डिझाइन केलेलं, घडी होणारं चपलांचं स्टँड दिलं होतं. हौसेरावांनी ते एका हाताने उचललं, परत खाली ठेवलं आणि म्हणाले, “जेवून जा.” निशांत जेवून गेला होता, पण ते त्याला अजून लागून राहिलं होतं.

बारसं श्रुतीच्या माहेरी, सव्वा महिना झाल्यावरच्या रविवारी ठरलं. सासूबाईंनी, म्हणजे विजयमालाबाईंनी, शेजारच्या अरुणाकाकूंचा लाकडी पाळणा आधीच सांगून ठेवला होता. त्या पाळण्यात बिल्डिंगमधली चाळीस-एक मुलं झोपून उठली होती आणि त्यातली दोन आता बँकेत लागली होती. अशा पाळण्याला नको म्हणायला धीर लागतो. निशांतने तो गोळा केला आणि शनिवारी दुपारी आपला पाळणा टेम्पोत घालून कोपरखैरण्याला आणला.

हौसेराव बाहेर आले. पाळण्याभोवती एक फेरी मारली, स्टँडला हात घातला, एक बाजू वीतभर उचलली आणि सोडली.

“जावईबापू, वजन समदं वर हाय,” ते म्हणाले. “पायात काय न्हाय. ह्यो सरकंल.”

“मामा, बेस फिक्स आहे.”

हौसेराव वाकले. त्यांनी चारही पाय बघितले. खिळा नव्हता, बोल्ट नव्हता. “कुटं?” त्यांनी विचारलं.

निशांतने लॅपटॉप उघडून त्यांना व्हिडिओ दाखवला. हौसेरावांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत, अगदी मन लावून पाहिला. मग पायाखालच्या गुळगुळीत फरशीकडे बोट दाखवून म्हणाले, “हितं टाइल हाय.” निशांतने लॅपटॉप मिटला. तेवढ्यात त्यांनी मोटर लई आवाज करती का, असंही विचारलं. थोडा करते, घूं असा, निशांतने कबूल केलं. हौसेरावांनी बराच वेळ मान हलवली आणि म्हणाले, “जेवून जा.”

पण खरा पेच टाकला तो विजयमालाबाईंनी. त्यांनी पाळण्यात वाकून बघितलं आणि वरवंटा मावेल ना, असं विचारलं.

निशांतने आयुष्यात पाच-पन्नास बारशी खाल्ली होती, पण पुरुषांच्या पंगतीत बसून. आत काय चालतं ते त्याला ठाऊक नव्हतं. श्रुतीने समजावलं की आधी वरवंट्याला आंघोळ घालतात, झबलं-टोपडं चढवतात, तीट लावतात, पाळण्याच्या खालून-वरून या बाईकडून त्या बाईकडे देतात आणि पाळण्यात निजवतात. मग बाळाची पाळी येते. निशांत हादरला. वरवंट्याचं वजन किती, तो गोल की चपटा, त्याने विचारून घेतलं. मग अतिशय नम्रपणे म्हणाला, की हा पाळणा बाळाच्या हिशेबाने केलाय, वरवंटा सिम्युलेशनमध्ये घेतलेला नाही, तेव्हा या वेळी तो भाग गाळला तर चालेल का.

“घेतल्याला न्हाई, तर घ्या की,” विजयमालाबाई म्हणाल्या. त्यांना ती एवढी अवघड गोष्ट वाटली नाही.

शेवटी श्रुतीने विषय संपवला. ती नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाली, “हे बघ, तुझ्या पाळण्यात बाळाला ठेवायचं की नाही, ते आई ठरवणार. आणि वरवंटा झोपल्याशिवाय आई ठरवत नाही. काकूंचा पाळणा पॅसेजमध्ये आणून ठेवलाय, हार घालून. आता तू बघ.”

निशांतने पॅसेजमध्ये जाऊन पाहिलं. खरंच तिथे तो जुना पाळणा झेंडूचा हार घालून उभा होता. निशांतला तो थोडासा कुचकट वाटला. किलो-दीड किलो जास्त वजनाने काय होतंय, असं म्हणून त्याने मन घट्ट केलं.

रविवारी सकाळी अकरा वाजता त्या घराच्या हॉलमध्ये वीस बायका होत्या. पुरुष बाहेर पॅसेजमध्ये, घुगऱ्यांच्या वाटीची वाट बघत. विजयमालाबाईंनी फरशी दोनदा धुऊन पुसून घेतली होती, तिच्यात तोंड दिसत होतं. निशांतची बहीण गीतांजली ठाण्याहून आली होती. ती आत्या, म्हणजे बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान तिचा, आणि नाव सांगताना पाठीत बुक्के खाण्याचा मानही तिचाच. त्यासाठी ती जाड ब्लाउज घालून आली होती. श्रुती बाळाला घेऊन आतल्या खोलीच्या दारात उभी होती. आणि विजयमालाबाईंच्या मांडीवर गुलाबी झबलं, गुलाबी टोपडं आणि कपाळावर ठसठशीत तीट अशा थाटात वरवंटा बसला होता.

विजयमालाबाई पाळण्याच्या या बाजूला, अरुणाकाकू त्या बाजूला. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, असं म्हणत वरवंटा खालून गेला, वरून आला, पुन्हा खालून गेला. मग त्याला मऊ गादीवर निजवलं. विजयमालाबाईंनी जावयाकडे पाहिलं. निशांत खाली बसला, स्टँडच्या बुडाशी हात घातला आणि बटण दाबलं.

पाळणा हलला. घूं असा बारीक आवाज करत, सावकाश, पडद्यावर हलायचा अगदी तसाच. बायकांनी ‘अगंबाई’ म्हटलं. कुणीतरी दोरी कुठाय म्हणून शोधलं. निशांतने दाराकडे पाहिलं, तर श्रुती त्याच्याकडे बघून हसत होती, आणि ते हसू साधं नव्हतं, त्यात अभिमान होता. दोन महिन्यांच्या सगळ्या रविवारांचं त्याला सार्थक वाटलं. हे सुख साधारण एक मिनिट टिकलं.

मग अरुणाकाकूंनी पाळणा म्हणायला घेतला. अरुणाकाकू वीस वर्षं बिल्डिंगच्या भजनात पुढे बसत होत्या आणि त्यांना लाउडस्पीकर कधी लागला नव्हता. पहिल्याच ओळीला त्यांनी आवाज लावला. रडणं म्हणजे काय, हे निशांतने यंत्राला एकाच प्रकारे समजावलं होतं, ते म्हणजे मोठा आवाज. यंत्राने तो ऐकला, बाळ रडतंय अशी खात्री करून घेतली आणि दुसरा वेग घेतला.

बायकांना फारच गंमत वाटली. गाण्याबरोबर पाळणाही रंगात आला, असं त्यांना वाटलं, म्हणून वीसही जणी सुरात सूर मिसळून गायला लागल्या. यंत्राने तिसरा वेग घेतला.

आता, पडद्यावरचं बाळ चौकोनी होतं आणि पाळण्याला कायमचं जोडलेलं होतं. वरवंटा गोल होता आणि त्याला कुणी कुठेही जोडलेलं नव्हतं. तो गादीवरून गडगडत या कडेला गेला आणि धाडकन आपटला. मग त्या कडेला गेला आणि धाडकन आपटला. माइकने तेही ऐकलं. बाळ आता फारच जोरात रडतंय, असं यंत्राचं मत झालं आणि ते तिसऱ्या वेगावरून खाली यायला तयार होईना. गाणं हळूहळू थांबलं, पण धाडधाड थांबली नाही. आणि मग गीतांजलीच्या लक्षात आलं की ती उभी होती पाळण्याच्या मागे आणि आता आहे शेजारी, तीही जागची न हलता.

पाळणा चालत होता. दर झोक्याला दोन बोटं, पुसून लख्ख केलेल्या टाइलवरून, स्वयंपाकघराच्या दिशेने.

निशांतने खाली बसून बटणाकडे हात नेला. बटण स्टँडच्या बुडाशी, आतल्या अंगाला होतं, आणि त्याच्या वरून तिसऱ्या वेगातला पाळणा साडेचार किलोचा दगड घेऊन येत-जात होता. बाळाचा हात पोचू नये अशी जागा त्याने निवडली होती आणि आता तिथे बापाचाही पोचत नव्हता. दोनदा प्रयत्न करून, एकदा कपाळावर टेंगूळ घेऊन तो मागे झाला. गीतांजली ओरडली, प्लग काढ. कुणीतरी प्लग ओढला. एक क्षण घूं थांबलं, लगेच बॅटरीचा हिरवा दिवा लागला आणि पाळणा काहीच झालं नाही अशा थाटात पुढे निघाला. बॅटरी पाव सेकंदात लागली होती. अशा प्रसंगीही निशांतला त्याचा जरासा अभिमान वाटला, ही गोष्ट त्याने नंतर फक्त श्रुतीजवळ कबूल केली.

“कुणी आवाज करू नका,” तो म्हणाला. “आवाज ऐकून ते पळतंय.”

ही सूचना अतिशय बरोबर होती. पण बारशाला जमलेल्या वीस बायकांना एकाच वेळी गप्प बसवायचं, तर प्रत्येक बाई शेजारणीला गप्प बस म्हणते, आणि शेजारीण, मी कुठे बोलतेय, असं विचारते. त्यात काही जणींनी शूऽऽ केलं. पाळण्याने दोन टाइल पार केल्या. बायका साड्या सावरत बाजूला होऊन त्याला वाट करून देत होत्या. भिंतीशी बसलेल्या एका आजीबाईंनी तर तो समोरून जाताना हात जोडले. वरवंट्याचं टोपडं सुटलं. तो या कडेवर अर्धा चढला, परत आला, त्या कडेवर आणखी थोडा चढला, आणि तिसऱ्या झोक्याला गुलाबी झबल्यासह पाळण्याच्या बाहेर पडला.

पॅसेजच्या दारात हौसेराव घुगऱ्यांचं ताट घेऊन उभे होते. ट्रकवरून खाली येणारं पोतं चौतीस वर्षं झेललेला माणूस असा दगड बघून दचकत नाही. त्यांनी ताट डाव्या हातावर तोललं, एक पाऊल पुढे टाकलं आणि उजव्या हाताने वरवंटा छातीशी धरला. एकही घुगरी सांडली नाही.

“चार किलो सहाशे,” ते सवयीने म्हणाले.

मग त्यांनी ताट आणि वरवंटा दोन्ही जवळच्या बाईकडे दिलं, पाळण्याच्या मागच्या बाजूला गेले आणि झोका लागणार नाही असं बघून स्टँडच्या बुडाच्या आडव्या पट्टीवर मांडी घालून बसले. स्टँड जागच्या जागी थांबलं. पाळणा त्यांच्यापुढे नुसताच झुलत राहिला.

“हितं वजन पायजे हुतं,” हौसेराव हळू आवाजात म्हणाले.

आणि त्यानंतर खोलीत खरोखरच कुणी बोललं नाही. त्या शांततेत पाळणा तिसऱ्या वेगावरून दुसऱ्यावर आला, दुसऱ्यावरून पहिल्यावर आला आणि रिकामा, संथ, सुरेख झुलायला लागला. व्हिडिओत झुलायचा अगदी तसाच. ते बघायच्या मनःस्थितीत निशांतशिवाय कुणी नव्हतं. त्याने हात घालून बटण बंद केलं.

तो उठला तेव्हा त्याचं लक्ष दाराकडे गेलं. श्रुती आता हसत नव्हती. तिने बाळाला खांद्याशी घट्ट धरलं होतं. निशांत त्या एवढ्याशा डोक्याकडे बघत राहिला आणि झालं त्याची गंमत त्याच्या मनातून एकदम निघून गेली. वरवंट्याच्या जागी... त्याने पुढचा विचार केलाच नाही. पडद्यावर बाळ खाली पडलं तेव्हा आपण त्याला जोडून टाकलं आणि मोकळे झालो, हे त्याला आठवलं, आणि त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

“काकूंचाच पाळणा घ्या आत,” तो म्हणाला. कुणी सांगायच्या आत त्यानेच ते म्हटलं.

दोघी-तिघी पॅसेजकडे निघाल्या. विजयमालाबाई शांतपणे वरवंट्याला टोपडं परत बांधत होत्या. निशांत त्यांच्याजवळ जाऊन बसला.

“मामी, आधी वरवंटा का घालतात?”

“मला तरी काय ठावं,” त्या गाठ मारत म्हणाल्या. “आमच्या सासूबाई म्हनायच्या, लेकराच्या आदी दगूड निजवून बगायचा. पाळना बांदनाऱ्याचा भरवसा धरायचा न्हाई.”

“तेव्हा पाळणा कोण बांधायचं?”

“ह्येच की,” त्यांनी हनुवटीने नवऱ्याकडे दाखवलं. “श्रुतीच्या बारशाला दोनदा सुटला. दोन्ही बारीला वरवंटाच पडला. त्ये टोक फुटल्यालं दिसतंय न्हवं, त्ये तवाचं.”

निशांतने वरवंट्याचं फुटलेलं टोक पाहिलं, मग मामांकडे पाहिलं. हौसेराव भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये काहीतरी महत्त्वाचं शोधत होते.

अरुणाकाकूंचा पाळणा हारासकट आत आला. विजयमालाबाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्या उठल्या, निशांतच्या पाळण्याचे साखळीचे आकडे एकेक करून ओढून पाहिले, तळ दाबला, कडेला रेटा दिला. स्टँड तसूभर हललं नाही, कारण त्याच्यावर शहात्तर किलोचे हौसेराव बसले होते.

“आवं, तुमी हितंच बसनार का?” त्यांनी नवऱ्याला विचारलं.

“बसतो की. मला कुटं मार्केटला जायाचंय.”

“मग ह्याच पाळन्यात घाला पोरीला,” विजयमालाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. “वरवंट्यानं त्याचं काम केलं. त्ये मोटारीचं तेवढं सोडवा. आन जावईबापू, तुमी दोरी धरा.”

निशांतला क्षणभर आपण ऐकलं ते खरं वाटेना. मग तो धावत जाऊन पाना घेऊन आला. मोटरचा दांडा सोडवायच्या घाईत एक नट दोनदा खाली पडला. श्रुतीने स्वतःच्या जुन्या ओढणीची दोरी करून पाळण्याला बांधली आणि ती त्याच्या हातात देताना त्याच्या कपाळावरच्या टेंगळाला हळूच बोट लावून पाहिलं. त्यावरून त्याला माफी मिळाल्याचं कळलं.

बाळ खालून-वरून फिरून पाळण्यात आलं. अरुणाकाकूंनी पुन्हा पाळणा धरला, याही वेळी आवाज न राखता, आणि निशांत आपल्या वेगाने दोरी ओढत राहिला. गीतांजलीने वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि ऋता असं नाव सांगितलं. तिच्या पाठीवर बुक्के बसले ते नेहमीपेक्षा बरेच जोरात होते. भावावर काढता न आलेला सगळा राग वीस बायकांनी त्या एका पाठीवर काढला, असं तिचं आजही म्हणणं आहे.

दुपारी तीनपर्यंत पाहुणे घुगऱ्या घेऊन आपापल्या घरी गेले. अरुणाकाकूंचा पाळणा परत गेला. तो हार मात्र विजयमालाबाईंनी काढून घेऊन या पाळण्याला अडकवला. वरवंटा झबलं उतरवून स्वयंपाकघरात रुजू झाला आणि आतून चटणी वाटल्याचा आवाज यायला लागला. हौसेराव अजून तिथेच होते. जेवणाचं ताटही त्यांनी तिथेच मागवलं होतं आणि जेवून त्याच पट्टीवर मांडी बदलून बसले होते. ऋता गाढ झोपली होती.

निशांतने अंदाज घेत दोरी ओढणं थांबवलं. पाळणा मंद झाला, थांबला. ऋताने डोळे न उघडता ओठ काढले आणि एक बारीक सूर लावला. त्याने चटकन दोरी ओढली. सूर थांबला. वेग किंचित वाढवला, मग हळूहळू कमी केला. पाच मिनिटांनी त्याने पुन्हा थांबवून पाहिलं. पुन्हा ओठ बाहेर आले. त्याने पुन्हा दोरी ओढायला घेतली. उजवा हात भरून आला तेव्हा त्याने दोरी डाव्या हातात घेतली, आणि ती घेताना एकही झोका चुकला नाही.

हौसेराव हे सगळं बराच वेळ बघत होते. सात वर्षांच्या ओळखीत त्यांनी जावयाकडे इतका वेळ पाहिलं नव्हतं.

“जावईबापू,” ते शेवटी हळूच म्हणाले, “ही मोटर चांगली हाय. अजाबात आवाज करत न्हाई.”

निशांतने मान खाली घातली, कारण त्याला हसू फुटत होतं आणि डोळेही भरून आले होते, आणि तो दोरी ओढत राहिला.